एवढी नवी वाणं आली, तरी मामा अजून मालदांडीच का पेरतो?

मुलुंडचा_माणदेशी | ३ सप्टेंबर २०२३, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. राहतो मुलुंडला, गाव सांगोला तालुक्यात. राखीपौर्णिमेला गावी जाऊन आलो आणि तेव्हापासून डोक्यात एकच विषय आहे. यंदाचा ऑगस्ट देशभरात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा गेला, हे बातम्यांत वाचलं होतं. गावी ते डोळ्यांनी पाहिलं. बाजरी गुडघ्याएवढी होऊन थांबलेली, दुपारी पानांची सुरळी झालेली.

मामाची पाच एकर. तीन एकर ओढ्याकाठची काळी, दोन एकर वरची बरड, म्हणजे हलकी, उथळ जमीन. दोन्हीकडे रब्बीला शाळू, म्हणजे हिवाळी ज्वारी, आणि शाळूचं वाण एकच, मालदांडी. मी म्हटलं, "मामा, विद्यापीठांनी इतकी नवी वाणं काढलीत, एखादं पेरून बघ की." मामा म्हणाला, "आधी म्हशीला इचारून ये."

मालदांडी ३५-१ ही निवड मोहोळला १९३० च्या दशकात झाली. माझ्या आज्यानं पेरली, मामा पेरतोय. मधल्या काळात माणूस चंद्रावर जाऊन आला, आपलं यानही गेल्या महिन्यात तिथे उतरलं. मग पाण्याचा ताण सोसणारं, मालदांडीहून सरस असं ज्वारीचं बी निघालंच नाही का? आणि निघालं असेल तर यंदा मामाला काय सांगू? पेरणी पंधरा-वीस दिवसांवर आहे. जाणकारांनी कृपया लिहावं.

शंकेखोर | ३ सप्टेंबर २०२३, रात्री ११:१५

बी बदलून पाऊस पडत नाही. सोलापूर जिल्ह्यात आधी ऊस किती आहे ते बघा. पाणी उसाला आणि संशोधन ज्वारीवर, अशानं काय होणार? माझं स्पष्ट मत आहे की दुष्काळाचा प्रश्न बियाण्याचा नाही, पाणीवाटपाचा आहे.

बार्शीकर_बोरिवली | ४ सप्टेंबर २०२३, सकाळी ७:५०

मामांचं उत्तर शंभर टक्के बरोबर आहे. आमच्याकडे शाळूचं पीक दोनदा मोजतात, एकदा दाण्याच्या पोत्यांत आणि एकदा कडब्याच्या पेंड्यांत. दुष्काळी साली दाणा कमी आला तर माणूस रेशनचं खाईल, पण जनावराला कडबा कुठून आणणार? मालदांडीचा कडबा पुरुषभर उंच, गोड, जनावर धांडा टाकत नाही. बुटकं वाण कितीही दाणा देवो, वैरण नसेल तर बाजारात दावणीची जनावरं विकायची वेळ येते. मी लहानपणी ती वेळ घरात पाहिली आहे. वडिलांनी बैल सोडला तेव्हा आई दारात आली नव्हती.

निवृत्त_पैदासकार | ४ सप्टेंबर २०२३, दुपारी ३:०५

मी एका कृषी विद्यापीठात ज्वारीच्या पैदाशीत तीस वर्षं काढली, आता मुलाकडे ठाण्यात असतो. धागाकर्त्यांनी प्रश्न फार नेमका विचारलाय, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, रब्बी ज्वारी पावसावर येत नाही. ती ओलीवर येते. सप्टेंबरपर्यंतचा पाऊस काळ्या जमिनीत मुरतो, हस्ताच्या आसपास पेरणी होते, आणि त्यानंतर कापणीपर्यंत बहुतेक वेळा आभाळातून काही मिळत नाही. चाळीत राहिलेल्यांना हे लगेच कळेल. पहाटे एकदाच नळ येतो, पिंप भरून घ्यायचं आणि त्यावर दिवस काढायचा. खोल काळी जमीन म्हणजे मोठं पिंप. बरड म्हणजे कळशी. आता सांगा, दोघांना एकच सल्ला कसा द्यायचा? "अवर्षणाला तोंड देणारं वाण" असं एकच एक काही नसतं. कुठल्या जमिनीतलं, पिकाच्या कुठल्या टप्प्यावरचं अवर्षण, हे आधी विचारावं लागतं.

पीक ताणातून तीन वाटांनी निभावतं. एक म्हणजे लवकर उरकून घेणं, कळशी रिकामी व्हायच्या आत दाणा भरून मोकळं होणं. हरियाणातली बाजरीची एचएचबी ६७ साधारण ६५ दिवसांत तयार होते, तिचं सगळं यश त्यातच आहे. पुढे ती केवडा रोगाला बळी पडू लागली, तेव्हा जनुकांच्या खुणा तपासत प्रतिकार तिच्यात आणला आणि २००५ मध्ये सुधारित वाण आलं. दुसरी वाट मुळांची, म्हणजे खोल जाऊन पिंपाच्या तळाचं पाणी काढणं. तिसरी वाट काटकसरीची. पानं कमी, फुटवे कमी, दुपारच्या कोरड्या उन्हात पर्णरंध्रं, म्हणजे पानांवरची सूक्ष्म छिद्रं, मिटून घ्यायची आणि पाणी दाणे भरण्यासाठी राखून ठेवायचं.

काटकसरीच्या वाटेवरचा सगळ्यात अभ्यासलेला गुण म्हणजे दाणा पक्व होईपर्यंत पानं हिरवी राहणं. बी-३५ नावाचा एक ज्वारीचा वाण आहे, मूळ इथिओपियाचा. त्याच्या गुणसूत्रांवर या गुणाच्या चार मुख्य जागा सापडल्या आहेत. ऑस्ट्रेलियात त्यावर संकरित वाणं उभी राहिली, आपल्याकडेही त्या जागा इथल्या वाणांत उतरवण्याचं काम झालं. मी पहिल्यांदा अशा ओळी शेतात पाहिल्या तो जानेवारीचा शेवट होता. शेजारच्या ओळी खडखड्या रोगानं लोळलेल्या, खोड दाबलं की बोटाखाली पोकळ लागायचं, चिरलं की आत काळी भुकटी. आणि मधोमध या ओळी उभ्या, वरची चार पानं हिरवी. त्या दिवशी जेवणाची सुट्टी मी बांधावरच काढली.

मग मालदांडी का हटत नाही? कारण तिची परीक्षा चार बाजूंनी होते. दाणा मोत्यासारखा, कडबा भरपूर, रोपावस्थेत पान तुकतुकीत असल्यामुळे खोडमाशीला बऱ्यापैकी दाद देत नाही, आणि थंडीतही कणीस नीट भरतं. संकरित वाणं खरिपात यशस्वी झाली, १९६४ च्या सीएसएच-१ पासून. रब्बीत मात्र रात्री गारठल्या की अनेक संकरांत परागच नीट तयार होत नव्हता, कणसं अर्धी मोकळी राहायची. आम्ही पैदासकारांनीही बरीच वर्षं फक्त दाण्याचं वजन पाहिलं, कडब्याला गुण दिले नाहीत. ती आमची चूक होती, हे मी नोकरीत असतानाही बोलून दाखवत आलोय.

एक_प्रश्न | ४ सप्टेंबर २०२३, दुपारी ४:३०

काका, प्रतिसाद खूप आवडला, वाचनखूण साठवली. मी रुईयात बारावीला आहे. ताण सोसण्याची निवड करायची तर दरवर्षी दुष्काळ पडायला हवा ना? मग प्रयोग कसे करतात?

निवृत्त_पैदासकार | ४ सप्टेंबर २०२३, सायं. ६:१०

बाळा, नेमका हाच अडसर आहे. ज्या वर्षी ताणाची चाचणी लावावी त्या वर्षी अवकाळी येऊन सगळं भिजवून जायचा. म्हणून शेतावर सरकती छपरं असतात, पाऊस आला की रुळांवरून पिकावर ओढायची. पण छपराखाली मावतात मोजक्या ओळी. भातात पूर्वी मुळं, पानातलं पाणी असे एकेक गुण मोजत बसायचे. मग फिलिपाइन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेनं आणि आपल्या हजारीबागच्या केंद्रानं वेगळा रस्ता धरला. ऐन फुलोऱ्यात पाणी तोडायचं आणि तशा स्थितीत उत्पन्न किती आलं तेच सरळ मोजायचं. त्यातून २०१० मध्ये "सहभागी धान" हे वाण प्रसारित झालं.

भाकरतुकडा | ४ सप्टेंबर २०२३, रात्री ९:२०

माझं दादरला पोळीभाजी केंद्र आहे, रोजच्या दीडशे भाकऱ्या होतात. दाण्याबद्दल मी बोलू शकते.

मालदांडीचं ताजं पीठ गरम पाण्यात मळलं की हाताला लोण्यासारखं लागतं. थापताना कड फाटत नाही, तव्यावर पाणी फिरवलं की टम्म फुगते. व्यापाऱ्यानं दोनदा मला दुसरंच काहीतरी मालदांडी म्हणून दिलं. पिठाला विरी नाही, थापायला घेतली की मधोमध चीर. बायका वैतागल्या, एका दिवशी तीस भाकऱ्या फुकट गेल्या. तेव्हापासून मी दाणा आधी दाताखाली फोडून बघते आणि मगच पोतं घेते. सध्या किलोला ७० रुपये पडतात, गव्हापेक्षा कितीतरी महाग. यंदा भरडधान्य वर्ष आहे म्हणून भाकरी खाणारे वाढलेत हे चांगलंच आहे, पण नवं वाण काढणाऱ्यांनी प्रयोगशाळेत एक तवाही ठेवावा ही मनापासून विनंती.

बार्शीकर_बोरिवली | ४ सप्टेंबर २०२३, रात्री ९:४१

ताई, तव्याला अनुमोदन. केंद्र सरकारच्या हमीभावाच्या यादीतसुद्धा मालदांडीची वेगळी ओळ असते. यंदा संकरित ज्वारीला क्विंटलमागे ३,१८० रुपये आणि मालदांडीला ३,२२५. वाणाचं नाव थेट हमीभावात, एवढा तिचा मान!

गिरगावची_माई | ५ सप्टेंबर २०२३, सकाळी ११:००

थोडं अवांतर होईल, पण ज्वारीचा विषय निघाला की मला १९७२ आठवतं. आम्ही तेव्हा लालबागला चाळीत राहत होतो. रेशनवर लाल मिलो यायची, अमेरिकेतून आलेली. आईनं पहिल्यांदा ती निवडायला सुपात घेतली तेव्हा शेजारणी बघायला जमल्या होत्या. ज्वारी लाल कशी, हेच कुणाला समजेना. भाकरी घशाखाली उतरायची नाही, आम्ही पोरं गुळाचा खडा मागायचो. गावाकडून माणसं मुंबईत येत होती. आमच्या दहा बाय बारात त्या उन्हाळ्यात अकरा जण झोपायचे. गावी राहिलेले रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायचे, सुकडी खायचे. आई मिलोला कधी नावं ठेवू द्यायची नाही. म्हणायची, हीच नसती तर काय खाल्लं असतं?

निवृत्त_पैदासकार | ५ सप्टेंबर २०२३, दुपारी १:२५

माई, तुमची आठवण वाचून गलबललो. मिलोबद्दल एक गोष्ट सांगतो. संकरित ज्वारी करायची तर मादी झाडाला पराग नसावा लागतो. तशी ज्वारी १९५४ च्या सुमारास अमेरिकेत सापडली ती मिलोमुळेच. मिलोचा पेशीद्रव आणि काफिर नावाच्या ज्वारीचं केंद्रक एकत्र आलं की पराग वांझ होतो. जगातली बहुतेक संकरित ज्वारी त्या मिलोच्या वंशातली आहे, आपली खरिपाची "हायब्रीड"सुद्धा. तुमच्या आईच्या सुपात होती ती या हायब्रीडची आजी म्हणायची.

शंकेखोर | ५ सप्टेंबर २०२३, दुपारी २:००

हे माहीत नव्हतं, धन्यवाद. तरी माझा मूळ मुद्दा राहतोच. ओल जमिनीत टिकवायची कशी, यावर कुणी बोलत नाही.

निवृत्त_पैदासकार | ५ सप्टेंबर २०२३, दुपारी २:४०

इथे मी तुमच्याशी पूर्ण सहमत आहे. १९३३ पासून सोलापूरला कोरडवाहू शेतीचं संशोधन सुरू झालं आणि त्यातून जी पद्धत आली तिचं नावच "बॉम्बे ड्राय फार्मिंग" पडलं, तेव्हाच्या मुंबई इलाख्यावरून. बांधबंदिस्ती, दोन ओळींत जास्त अंतर, बी कमी, कोळपण्या म्हणजे ओळींमधली माती हलवणं वेळेवर. आजही शिफारस तीच. तीन आठवड्यांनी फटीचं कोळपं, पाचव्या आठवड्यात पासेचं आणि आठव्याला दातेरी, म्हणजे भेगा मातीनं बुजतात. एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी, असं जुने शेतकरी म्हणत. बी पाणी निर्माण करत नाही, पिंपातलं पाणी पुरवून वापरतं. पिंपाला भोक असेल तर बी काय करणार?

खाजणकर | ६ सप्टेंबर २०२३, सकाळी ८:१५

सगळे शाळूवर बोलतायत, मुंबईच्या उंबरठ्यावरच्या भातावरही दोन शब्द लिहितो. आमची शेती पेणकडे खारेपाटात. आमचा ताण उलटा. पाणी चिकार, पण खारं. बांध फुटला किंवा उघाडी, म्हणजे बांधातली पाण्याची झडप, बिघडली की भरतीचं पाणी शेतात शिरतं आणि पुढची दोन-तीन वर्षं जमिनीवर पांढरी मिठाची खपली येते. भाताला मीठ सगळ्यात जास्त बाधतं ते रोप कोवळं असताना आणि पुन्हा फुलोऱ्यात. म्हणून आम्ही जूनच्या पहिल्या पावसानं मीठ धुऊन जायची वाट बघतो, मग मोड काढलेलं बी चिखलात फेकतो. त्याला आमच्याकडे रहू म्हणतात.

आमच्या आज्याकडे काळा रता आणि भुरा रता होते. तांदूळ लाल, भात जाडं, पण खाऱ्यात उभं राहायचं. पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्रानं पुढे पनवेल १, २, ३ अशी वाणं काढली, तांदूळ पांढरा आणि उत्पन्नही जास्त. आम्ही आता तीच लावतो. पण पाच गुंठे रता मी अजून ठेवलाय. ज्या जागी उघाडीजवळ पनवेलसुद्धा पिवळं पडतं तिथे तो हिरवा असतो. पेज करावी तर त्याचीच.

ट्रॉम्बेचा_शेजारी | ६ सप्टेंबर २०२३, दुपारी १२:३०

खाजणकर, रता कृपया सोडू नका. जुन्या जातीत काय दडलंय ते आधी कळत नाही. ओडिशातली एफआर१३ए ही अशीच जुनी भातजात, उत्पन्न बेताचं. पण तिच्यातल्या सब१ए जनुकामुळे रोप पाण्याखाली दोन आठवडे तग धरतं. वाढ थांबवून साखर वाचवायची आणि पाणी ओसरलं की पुन्हा डोकं वर काढायचं. तो गुण स्वर्णा भातात उतरवला आणि स्वर्णा-सब१ हे वाण २००९ मध्ये आपल्याकडे आलं.

मी अणुशक्तीनगरात राहतो, भाभा अणुसंशोधन केंद्रात नोकरी झाली. मुंबईकरांना सांगून आश्चर्य वाटतं, पण ट्रॉम्बेला शेतीचंही काम चालतं. बियाण्यावर किरणांचा मारा करायचा, त्यातून हजारो झाडं वाढवायची आणि एखादंच चांगलं बदललेलं शोधायचं. टीएजी-२४ भुईमूग त्याच कामातून आलाय. ट्रॉम्बे, अकोला, ग्राउंडनट, ही त्याची आद्याक्षरं. बुटका, लवकर येणारा. तुमच्या चटणीतले शेंगदाणे त्याच घराण्यातले असू शकतात.

एक_प्रश्न | ६ सप्टेंबर २०२३, दुपारी ३:५५

मग सरळ बाहेरचं जनुक का घालत नाहीत? एवढी वर्षं निवड करत बसण्यापेक्षा लवकर होईल ना?

ट्रॉम्बेचा_शेजारी | ६ सप्टेंबर २०२३, रात्री ८:२०

घातलंय. अमेरिकेत २०१३ पासून मक्याचं एक वाण आहे, त्यात मातीतल्या एका जिवाणूचं जनुक आहे. अर्जेंटिनानं २०२० मध्ये सूर्यफुलाचं जनुक घातलेल्या गव्हाला मान्यता दिली. फायदा दिसतो, पण माफक. कीड मारायला एक जनुक पुरतं, पाण्याच्या ताणात मूळ, पान, फुलोरा, दाणा सगळं एकाच वेळी हलतं. शिवाय नुसतं पर्णरंध्र मिटून घेणारं झाड पाणी वाचवतं तसं उपाशीही राहतं. चांगल्या वर्षी ते मागे पडलं तर शेतकरी ते पेरणार नाही.

दादरची_पोळी | ६ सप्टेंबर २०२३, रात्री ९:०५

आणि उष्णतेचं काय? मार्च २०२२ मध्ये ऐन दाणा भरताना उन्हाळा भडकला, उत्तरेत गव्हाचा दाणा चिमला आणि १३ मे रोजी सरकारनं निर्यात थांबवली. त्या वर्षी आमच्या सोसायटीनं मागवलेल्या गव्हात बारीक दाणाच जास्त होता, पिठात कोंडा वाढला. पाऊस वेळेवर पडूनही पीक जाऊ शकतं हे मला तेव्हा कळलं.

मुलुंडचा_माणदेशी | ७ सप्टेंबर २०२३, रात्री १०:१०

इतके प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार. पण मूळ प्रश्नाकडे वळतो. काका, मामाला नक्की काय सांगू?

निवृत्त_पैदासकार | ८ सप्टेंबर २०२३, सकाळी ९:३०

मामांना म्हणावं आधी कुदळ घ्या. शेतात चार ठिकाणी खड्डा करा आणि मुरूम किती खोलीवर लागतो ते मोजा. ३० सेंटिमीटरपर्यंत हलकी, ६० पर्यंत मध्यम, त्यापुढे भारी. राहुरी विद्यापीठाची वाणं या खोलीनुसारच काढली आहेत. हलकीला फुले अनुराधा, मध्यमला फुले सुचित्रा, भारीला फुले वसुधा, आणि पाणी देता येत असेल तर फुले रेवती. मालदांडी वाईट नाही, पण ती मोठ्या पिंपाची सवय असलेली आहे. बरडीवर कळशी संपते तेव्हा ती पोटरीत अडकते, म्हणजे कणीस पानाच्या आवरणातून बाहेरच पडत नाही. अनुराधा तिथे दहा-बारा दिवस आधी उरकते.

पेरणी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर, बरडीवर आधी. हेक्टरी १० किलो बी पुरे. किलोला ४ ग्रॅम गंधक चोळायला विसरू नका, काणी रोग येत नाही. आणि सगळं रान एकदम बदलायला सांगू नका. निम्म्यात नवं, निम्म्यात मालदांडी, शेजारीशेजारी.

बार्शीकर_बोरिवली | ८ सप्टेंबर २०२३, सकाळी १०:०२

बी घेताना पावती आणि पिशवीवरचं लेबल दोन्ही जपून ठेवा. माझ्या चुलत्याला तालुक्याच्या एका दुकानातून वसुधा म्हणून सरमिसळ बी मिळालं, शेतात तीन उंचीची कणसं. लेबल फेकून दिल्यामुळे तक्रारच करता आली नाही. विद्यापीठाच्या विक्री केंद्रातून मिळालं तर उत्तम. आणि ही सगळी सरळ वाणं आहेत, संकरित नाहीत. एकदा शुद्ध बी आणलं की चांगली कणसं निवडून पुढे घरचं बी वापरता येतं. २००१ च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्यानं तो हक्क शेतकऱ्याला आहेच.

मुलुंडचा_माणदेशी | १० सप्टेंबर २०२३, रात्री ८:४५

मामानं खड्डे काढले. वर २६, २८, २५, ३१ सेंटिमीटर. खाली ओढ्याकडे तीन फूट खणूनही काळीच. मामीनं शिवणाच्या टेपनं मोजून फोटो पाठवलाय. टेप मातीत बरबटली म्हणून मामाला बोलणी बसली. बरडीवर एक एकर अनुराधा, एक एकर मालदांडी. काळीत एक एकर वसुधा, दोन एकर मालदांडी. ठरलं.

मुलुंडचा_माणदेशी | २५ फेब्रुवारी २०२४, रात्री ९:३०

धागा वर काढतोय. ऑक्टोबरअखेर आमचा तालुका दुष्काळी जाहीर झाला हे तुम्ही वाचलं असेल. पेरणी २४ सप्टेंबरला झाली. नोव्हेंबरच्या शेवटी मी गेलो तेव्हा बरडीवरची अनुराधा निसवून गेली होती आणि शेजारची मालदांडी पोटरीतच. मधल्या सरीत उभं राहिलं की डावीकडे कणसं, उजवीकडे नुसती गुंडाळलेली पानं. मामा तिथे बराच वेळ काही बोलला नाही.

बरडीवर अनुराधा एकरी २ क्विंटल ६० किलो, मालदांडी ९० किलो. पेंड्या मात्र मालदांडीच्या जास्त, २१० विरुद्ध १८०. काळीत वसुधाचा दाणा थोडा वर राहिला, कडबा मालदांडीचाच. आकडे एका शेताचे आणि एका वर्षाचे आहेत, पण मामाच्या वहीत ते मामीच्या अक्षरात लिहिलेत.

शंकेखोर | २५ फेब्रुवारी २०२४, रात्री १०:०५

मनापासून अभिनंदन. जवळपास तिप्पट दाणा, तोही त्याच कोरड्या रानात. माझं पाणीवाटपाचं मत कायम आहे, पण "दुष्काळाचा प्रश्न बियाण्याचा नाही" हे माझे शब्द मी मागे घेतो.

एक_प्रश्न | ६ मे २०२५, दुपारी १:१५

पुन्हा धागा वर. ४ मे रोजी देशातली पहिली दोन जनुक-संपादित भातवाणं जाहीर झाली. हैदराबादच्या संस्थेचं "कमला" आणि दिल्लीच्या पुसा संस्थेचं "पुसा डीएसटी राईस १". दुसऱ्यात बाहेरचं जनुक नाही, एमटीयू १०१० या भातातलंच डीएसटी जनुक बदललंय. ते जनुक पर्णरंध्रांवर परिणाम करतं, त्यामुळे पाण्याचा ताण आणि खारटपणा दोन्ही सोसण्याची ताकद वाढते असं संस्था सांगते. काका, मी आता शेतकी पदवीच्या पहिल्या वर्षाला आहे, दापोलीला. या धाग्यानंतर प्रवेश तिकडे घेतला.

निवृत्त_पैदासकार | ६ मे २०२५, सायं. ७:००

पोरा, शाब्बास! दापोलीला आहेस तर खारेपाटात जा, खाजणकरांचा पाच गुंठे रता बघून ये. संपादन हे चांगलं हत्यार आहे, माझा विरोध नाही. पण त्या भाताला शेतकऱ्याच्या बांधावर निदान तीन-चार वेगवेगळी वर्षं बघू दे, एक पावसाचं, एक कोरडं, एक खारं.

खाजणकर | ६ मे २०२५, रात्री ८:३०

जरूर ये. जूनमध्ये रहू टाकताना आलास तर चिखलात उतरायची तयारी ठेव.

भाकरतुकडा | ७ मे २०२५, सकाळी ६:४०

माणदेशी भाऊ, दाणा आणि कडबा दोन्ही मोजले, भाकरी राहिली. अनुराधा आणि मालदांडी पाच-पाच किलो आणून द्या. नावं सांगू नका.

मुलुंडचा_माणदेशी | ७ मे २०२५, रात्री ९:१५

ताई, शनिवारी दादरला आणून देतो, यंदाच्याच फेब्रुवारीची रास आहे. एका पिशवीला लाल दोरा, एकीला पांढरा.

भाकरतुकडा | १२ मे २०२५, रात्री १०:२०

आज दोन्ही दळून आणल्या. गरम असताना मला फरक कळला नाही, माझ्याकडे भाकऱ्या थापणाऱ्या दोघींनाही नाही. दोन्ही फुगल्या, कुठलीच कड फाटली नाही. दुपारी बाराला डब्यात ठेवलेल्या संध्याकाळी सहाला खाल्ल्या तेव्हा लाल दोऱ्याची थोडी जास्त मऊ लागली. लाल म्हणजे मालदांडी असावी.

मुलुंडचा_माणदेशी | १२ मे २०२५, रात्री १०:५०

मालदांडीच. मामाला लगेच फोन लावला. तो म्हणाला, बरडीवर यंदा दोन्ही एकर अनुराधा, घरी खायचं पोतं काळीतल्या मालदांडीचं. आणि म्हशीचं विचारलं तर म्हणाला, तिला काळीतला कडबा पुरतोय.